बेखमीर घर

ब्रोन्या कुशनीर आणि तिची थोरली बहीण हाइका आमच्या कुंपणाला लागून राहायच्या. मोल्दोवातल्या बेल्ट्सीत, शिवणकारखान्याच्या मागच्या गल्लीत. घर हाइकाचं. हे मी नाही म्हणत, हाइकाच म्हणायची, उठता बसता. ब्रोन्यानं खिडकी उघडली तरी, "घर माझं आहे, वारा मला विचारून आत घे."

हाइकानंच तिला वाढवलं होतं. आई गेली तेव्हा ब्रोन्या लहान होती आणि हाइका गिरणीत हिशेबाला लागलेली. तिनं बहिणीला खाऊ घातलं, शिकवलं, शिवणकारखान्यात चिकटवलं आणि या सगळ्याची किंमत पुरेपूर वसूल केली. ब्रोन्या विशीत असताना सोरोका गावचा एक मुलगा तिला मागणी घालायला आला. घड्याळं दुरुस्त करायचा, बोलायला गोड. त्याच्या आईला हाइकानं फाटकातच गाठलं आणि हळूच सांगितलं, "पोरगी चांगली आहे हो, फक्त फिट येते. तोंडाला फेस येतो तेव्हा जवळ चमचा ठेवावा लागतो." ती बाई चहाही न घेता परत गेली. ब्रोन्याला आयुष्यात कधी फिट आली नव्हती. हे तिला कळलं ते बऱ्याच वर्षांनी, त्या मुलाच्या मावशीकडून, बाजारात, काकड्या निवडता निवडता. तोवर त्याला दोन मुलं झाली होती.

ब्रोन्यानं मग उशिरा लग्न केलं. नाऊम कुशनीर ट्रक चालवायचा, बायको वारलेला, मोठा शांत माणूस. त्यांना एक मुलगा झाला, सेन्या. शाळेत जायच्या वयाचाही झाला नव्हता, मेंदूज्वरानं गेला. त्यानंतर नाऊमनं जेवता जेवता छातीवर हात ठेवला आणि तोही गेला. कारखान्याची खोली परत द्यावी लागली. ब्रोन्या एक सुटकेस घेऊन हाइकाच्या दारात उभी राहिली. हाइका म्हणाली, "आलीस? बूट बाहेर काढ."

तिला आमच्या मंडळीत मी आणलं. मंडळी म्हणजे एका बंद पडलेल्या बालवाडीत जमणारी आम्ही मूठभर माणसं. आम्ही यहुदीच. शनिवार पाळतो, वल्हांडण म्हणजे मिसरच्या गुलामीतून सुटकेचा सण करतो, आणि ज्याची आमचे पूर्वज वाट पाहत होते तो मशीहा येऊन गेला, तो येशुआ, म्हणजे येशू होता, असं मानतो. यामुळे सिनेगॉगवाले आम्हाला बाटगे म्हणतात आणि चर्चवाले आम्हाला यहुदीच म्हणतात. दोन्ही ठिकाणी ते कौतुकानं म्हणत नाहीत.

ब्रोन्या पहिल्यांदा आली ती वल्हांडणाच्या आधीच्या शनिवारी. पाळक एमिलनं त्या दिवशी एक बरणी आणली होती. झाकण उघडलं तसा आंबूस वास पसरला. आत आंबलेलं पीठ फसफसत होतं.

"ही बरणी आमच्या शेजारणीची," एमिल म्हणाला. "पाव करताना ती यातलं थोडं नव्या पिठात घालते. आणि नव्या पिठातला एक गोळा पुन्हा बरणीत टाकते. तिच्या सासूनं असंच केलं, तिच्याही सासूनं असंच केलं. पीठ रोज नवं, आंबट मात्र जुनंच. आपला राग असाच चालतो. आजच्या दिवसात कालचा चमचाभर घालायचा, उद्यासाठी थोडा काढून ठेवायचा. म्हणून सणाचे दिवस आपण घरातलं खमीर काढून टाकतो. मशीहात पाप नव्हतं, म्हणून त्याची भाकर फुगत नाही. आपली फुगते."

ब्रोन्या माझ्या शेजारी बसली होती. तिनं रुमाल काढला आणि नाकाला लावला. रडतेय की वास सहन होत नाहीये ते मला कळलं नाही. बाहेर आल्यावर म्हणाली, "लूबा, माझ्या बरणीत सोरोकाची ती बाई आहे गं. अजून फसफसतेय."

पुढच्या वर्षापासून ती आमच्यातली झाली.

हाइकाला कळलं तेव्हा तिनं आरडाओरडा केला नाही. तिनं स्वयंपाकघराच्या मधोमध खडूनं रेघ ओढली. अलीकडची भांडी तिची, पलीकडची बाटगीची. खडू पुसला गेला की ती वाकून पुन्हा ओढायची. वल्हांडणाच्या आधी दोघीही घर घासून काढायच्या. एकीनं कपाटाचा वरचा कप्पा पुसला की दुसरी येऊन पुन्हा पुसायची. गल्लीत असं स्वच्छ घर दुसरं नव्हतं.

"घरातला एकच पाव काढायचा राहिलाय," हाइका कोपऱ्यात झाडू मारत म्हणायची, "पण त्याला पाय आहेत आणि तो पेन्शन खातो."

ब्रोन्या पाय उचलून तिला जागा करून द्यायची. आम्हाला सांगताना ती हे हसत हसत सांगायची, तेव्हा आम्हीही हसायचो.

मग हाइकाचे डोळे गेले. काचबिंदू. पाठोपाठ न्हाणीघरात पडून तिचं खुब्याचं हाड मोडलं आणि ती खाटेला खिळली. आता तिला उठवायचं, धुवायचं, कूस बदलायची, सगळं ब्रोन्यानं. अंगाला हात लावलेला हाइकाला चालायचा. अन्नाला लावलेला चालायचा नाही. निदान वल्हांडणात तरी नाही. इतर दिवशी ती कुरकुरत खायची, पण सणाचे दिवस आले की तिचं सोवळं सुरू व्हायचं. मात्साचा, म्हणजे सणाच्या बेखमीर भाकरीचा खोका सिनेगॉगचा रखवालदार बेरल तिला आणून द्यायचा. तो ती पांघरुणात, पोटाशी घेऊन झोपायची. त्याशिवाय फक्त सालासकट भाजलेला बटाटा, कवचातलं अंडं आणि फोडायचे अक्रोड. ज्याच्या आतल्या भागाला बहिणीचं बोट लागलेलं नाही, तेवढंच.

"अंडं सोलून देऊ?" ब्रोन्या विचारायची.

"देवानं त्याला कवच कशाला दिलंय? तुझ्यासारख्यांपासून वाचायला."

आणि ती आंधळी बाई चाचपडत अंडं सोलायची, कवचाचे तुकडे तोंडात जायचे, ते ती थुंकायची. ब्रोन्या समोर बसून बघायची. थुंकलेले तुकडे गोळा करायची.

बेरलची बायको पोल्या मात्र सणात एकदा कोंबडीचं सूप पाठवायची. त्यात मात्साच्या पिठाचे गोळे. तेवढं हाइका आवडीनं खायची, कारण ते पोल्याच्या हातचं. ब्रोन्यानं फक्त हाइकाच्या पातेल्यात गरम करून भरवायचं. घासागणिक हाइका ऐकवायची, "हा बघ स्वच्छ हात. शीक काहीतरी."

अशी वर्षं गेली.

ज्या वर्षाची गोष्ट सांगायची, त्या वर्षी सणाच्या आदल्या सकाळी बेरल नेहमीप्रमाणे हाइकाच्या घरचं खमीर जाळायला आला. अंगणात जुना डबा ठेवून त्यात पावाचे चुरे, पिठाच्या पिशव्या असं काहीबाही जाळतात. ब्रोन्या बाजारात गेली होती. मी कुंपणापाशी कपडे वाळत घालत होते. बेरल हातात एक पुस्तक घेऊन बाहेर आला. ब्रोन्याचा नवा करार होता तो, येशूच्या चरित्राचा. काळं वेष्टण, कडा झिजलेल्या.

"बेरल, ते काय करतोस?" मी विचारलं.

"हाया मोइसेयेव्नानं सांगितलंय." हाइकाला तो असं पूर्ण नावानं म्हणायचा. "म्हणते, यात चुरे आहेत. ती जेवताना वाचते."

"मग झटक की!"

"लूबा, तू तुझे कपडे वाळत घाल," तो म्हणाला. त्यानं ते डब्यात टाकलं. तो वाईट माणूस नव्हता. त्याला हाइकाची भीती वाटायची, आणि त्या पुस्तकाची तर त्याहून जास्त.

मी फाटकातून वळसा घालून पोचेपर्यंत काडी ओढून झाली होती. त्या पुस्तकात सेन्याचा फोटो होता. एकच फोटो होता त्याचा, खलाशाच्या सदऱ्यातला. ब्रोन्या रोज झोपताना पुस्तक उघडायची, फोटोवर ओठ टेकवायची आणि मिटायची. भिंतीपलीकडे झोपणाऱ्या आंधळ्या बाईला तो आवाज वर्षानुवर्षं ऐकू येत होता. डब्यात मला एक कोपरा दिसला, पांढरा, मग तपकिरी, मग काहीच नाही.

ब्रोन्या परत आली. मीच सांगितलं तिला. ती पिशवी घेऊन तशीच आत गेली. मी मागोमाग.

"हाइका, त्यात सेन्या होता."

"कशात?"

"पुस्तकात."

"मला काय माहीत पुस्तकात काय असतं? मी आंधळी आहे." मग म्हणाली, "आणि मुलाला तिथं ठेवायचं कशाला? चांगल्या जागी ठेवला असतास तर राहिला असता."

ब्रोन्यानं पिशवीतले बटाटे टेबलावर ठेवले. एक घरंगळला. तो उचलून तिनं पुन्हा इतरांजवळ ठेवला. म्हणाली, "किती भाजू?"

"दोन."

संध्याकाळी बालवाडीत आमची वल्हांडणाची पंगत होती. ब्रोन्या पांढरा ब्लाऊज घालून आली. एमिलनं तीन मात्सांमधली मधली काढली, मोडली, अर्धी कापडात गुंडाळून बाजूला ठेवली. तो मोडलेला तुकडा म्हणजे आमचा मशीहा, मोडला गेला, पुरला गेला, परत काढला गेला. जेवणानंतर तोच तुकडा सगळ्यांना वाटतात. वाटण्याआधी एमिल दरवर्षी म्हणतो तेच म्हणाला: "ज्याच्या मनात कुणाविषयी जुनं आंबट उरलं असेल, त्यानं ते आत्ता, इथं सोडावं." आम्ही डोळे मिटले. मी जरा लवकर उघडले. ब्रोन्या उघड्या डोळ्यांनी समोरच्या मेणबत्तीकडे बघत होती. तिनं तुकडा घेतला, तोंडात घातला, पण चावला नाही. घरी जाताना रस्त्यात तिनं तो रुमालात काढला.

"मला गिळता येत नाहीये, लूबा."

"पाणी पी."

"पाण्यानं नाही जाणार."

सणाच्या मधल्या दिवसांत एकदा ती सकाळी माझ्याकडे आली. माझा नवरा वासिले मोल्दोवन, यहुदी नव्हे, आणि त्याचा कशावरच विश्वास नाही. त्याचा पाव मी सणात घराबाहेर, कोंबड्यांच्या खोपटात ठेवते.

"वासिलेच्या पावातला थोडा दे," ती म्हणाली. "पांढरा."

मला वाटलं, दारात कुणी भिकारी आलाय. मी जाड तुकडा कापून दिला. तिनं तो ॲप्रनच्या खिशात घातला. सण चालू असताना ब्रोन्याच्या खिशात पाव, हे बघून मला कसंसंच झालं, पण मी विचारलं नाही.

त्या दिवशी पोल्याचं सूप यायचं होतं. आलं. ब्रोन्यानं त्यातले मात्साचे गोळे काढून बाजूला ठेवले. वासिलेचा पाव सुपात भिजवला, पिळला, अंडं घातलं, बडीशेपेचा पाला चिरून घातला, कोंबडीच्या चरबीत परतलेला कांदा घातला आणि गोळे वळले. हाइकाच्याच पातेल्यात उकळले. हे सगळं तिनं मला नंतर सांगितलं, एकेक पायरी, एखाद्या नव्या नवरीला पाककृती सांगावी तसं.

हाइकाला उशीला टेकवून बसवलं. गळ्यात फडकं बांधलं. पहिला घास भरवला.

"अगंबाई," हाइका म्हणाली. "यंदा पोल्याचा हात हलका पडलाय. एरवी दगड असतात." तिनं दुसऱ्यासाठी तोंड उघडलं. "बघ, असं असतं. माणूस स्वच्छ असला की पीठसुद्धा ऐकतं. तू केले असतेस तर दात तुटले असते."

"चांगले झालेत?"

"चांगले? आईच्या हातचे असे असायचे. घाल अजून."

सगळं वाडगं तिनं संपवलं. तळाचं सूपही वाडगं तोंडाला लावून प्यायली. ओठ पुसून घेतले. मग ब्रोन्या म्हणाली, "हाइका, तो पाव होता."

"काय?"

"पाव. खमिराचा. वासिलेच्या कोंबड्यांच्या खोपटातला. पोल्याचे गोळे तिथं ताटलीत आहेत, दगडासारखे. तू पाव खाल्लास, वल्हांडणात, माझ्या बोटांनी वळलेला. आणि अजून मागितलास."

 ब्रोन्या म्हणते, तिला वाटलं ही आता ओकेल, किंचाळेल. हाइकानं हात पुढे करून पांघरुणातला मात्साचा खोका चाचपला. आहे याची खात्री केली. मग ती बोलली ते अगदी हिशेबी आवाजात, जसं गिरणीत बोलत असेल.

"मी आंधळी. मला फसवलं. माझ्यावर पाप नाही, हे कुठलाही रब्बी सांगेल. पाप आहे ते खाऊ घालणारीवर. इतकी वर्षं जाऊन तुझ्या त्या क्रुसावर लटकवलेल्याकडून हे शिकलीस? मी म्हणायचेच, हिच्यात काही बदल झालेला नाही. आज मला बरं वाटलं. आता ते वाडगं फोड आणि बेरलला बोलाव."

बेरल आला. पोल्या आली. हाइकानं दोघांना सांगितलं, मग डॉक्टरीण बाईंना, मग दूधवालीला. हाइकाला इतक्या खुशीत मी कधी पाहिलं नव्हतं. गाल लाल झाले होते. दोन दिवसांत बेल्ट्सीतल्या प्रत्येक यहुदी घरात कळलं की मशीहावाल्यांच्या बाईनं आंधळ्या बहिणीला फसवून पाव चारला.

शनिवारी ब्रोन्या स्वतःहून मंडळीत उभी राहिली आणि तिनं जसं झालं तसं सांगितलं. फोटोचं सांगितलं नाही. फोटोचं मी सांगितलं.

एमिल पांढरा पडला होता. रस्त्यात लोक त्याच्या अंगावर थुंकले होते त्या आठवड्यात. तो म्हणाला, "ब्रोन्या, आपण लोकांना वर्षभर सांगतो की आपण त्यांचे वैरी नाही. तू एका वाडग्यात सगळं बुडवलंस. चिमूटभर खमीर सगळं पीठ फुगवतं. तुला काही काळ बाहेर राहावं लागेल. सभेला नको, भाकर मोडायला नको."

"एमिल," मी म्हटलं, "तू म्हणतोस ना, द्वेष हे खमीर? मग हिचा द्वेष काढ. हिला कशाला काढतोस?"

"मी शिक्षा करत नाहीये, लूबा. मी साफ करतोय."

"हाइकाही हेच म्हणते. झाडू मारताना."

कुणीतरी मला खाली बसायला सांगितलं. ब्रोन्यानं कोट घातला, बटणं लावली, एक चुकीच्या काजात गेलं ते काढून पुन्हा लावलं आणि गेली. दार तिनं हळू ओढून घेतलं.

घरी हाइका वाटच बघत होती. बातमी तिच्यापर्यंत आधीच पोचली होती. "हाकललं ना? त्यांनीसुद्धा?" ती इतकी हसली की तिला खोकला आला, आणि ब्रोन्यानं तिला उठवून पाठीवरून हात फिरवला.

उन्हाळ्यात हाइका खालावली. पोल्या दुपारी यायला लागली, ब्रोन्याला जरा सुटका म्हणून. पण पोल्यानं चमचा पुढे केला की हाइका दात घट्ट आवळायची. बेरलनं केला तरी तेच. फक्त ब्रोन्याच्या हातून घ्यायची. पोल्याला वाईट वाटलं. "हाया मोइसेयेव्ना, मी इतकी वर्षं सूप पाठवलं, आणि खाणार हिच्या हातचं?"

"तू दयेनं भरवतेस," हाइका म्हणाली. "दयेत काय कालवलंय ते कळत नाही. ही विष घालेल तर सांगून घालेल."

 लापशी निवली होती, ती फुंकायची सवय ब्रोन्यानं सोडली नव्हती, तिनं ती उगीचच फुंकली.

द्राक्षं उतरवायच्या सुमारास हाइका गेली. शेवटचे शब्द वगैरे काही नाही. पाणी मागितलं, अर्धं सांडलं, "नीट धर" म्हणाली, आणि संध्याकाळपर्यंत संपली. दफनाला सिनेगॉगची माणसं आली. बेरलनं ब्रोन्याला दफनभूमीच्या फाटकात थांबवलं. खाली बघत म्हणाला, "मोठ्यांचं म्हणणं आहे, तू आत नको." तिनं वाद घातला नाही. कुंपणाच्या गजांमधून बघत राहिली. खड्डा दूर होता आणि मध्ये माणसांच्या पाठी. मी तिच्याजवळ उभी राहिले. ती विचारत होती, "आता काय करतायत?" आणि मी मान उंच करून सांगत होते.

घर सिनेगॉगला गेलं, हाइकानं तशीच व्यवस्था करून ठेवली होती. त्यांनी ब्रोन्याला मरेपर्यंत मागच्या खोलीत राहायची मुभा दिली.

पुढच्या वल्हांडणाआधी एमिल तिच्याकडे आला. मीही होते. त्याचा हेतू प्रामाणिक होता, हे मी म्हणेन. त्यानं टोपी हातात धरली होती.

"ब्रोन्या, परत ये. वर्ष झालं. तू पश्चात्ताप केलास, सगळ्यांना दिसतंय."

"कुणाला दिसतंय?"

"बहिणीला शेवटपर्यंत सांभाळलंस."

"तिला तर मी आधीही सांभाळत होते." ती खिडकीची काच कागदानं घासत होती, थांबली नाही. "एमिल, मी शोधलं. तू शिकवलंस तसं, कोपरे न् कोपरे. सोरोकाची बाई गेली. तो मुलगा गेला, त्याचं मला आता नावसुद्धा आठवत नाही. हाइकावरचा राग गेला, ज्या दिवशी ती पाणी सांडून गेली त्या दिवशी. पण ती दुसरा घास चावत होती ना, आणि म्हणाली, आईच्या हातचे असे असायचे, तेव्हा मला जो आनंद झाला, तो जात नाही. मी गुडघे टेकते, म्हणते, चुकले, आणि तोच वर येतो. आयुष्यात तेवढं एकदाच तिनं माझ्या हातचं चांगलं म्हटलं."

एमिलनं हातातली टोपी फिरवली. 

"हे घेऊन मी तुझ्या पंगतीत बसू?"

"देव बघून घेईल," तो अखेर म्हणाला.

"बघू दे. मी अजून काढलं नाहीये. खोटं कशाला बोलू?"

तो गेल्यावर मी तिला म्हटलं, माणूस एवढा चालत आला होता, हो म्हणायचं होतंस. तिनं काचेवर तोंडाची वाफ सोडली आणि पुन्हा घासायला लागली. वल्हांडणात ती आली नाही. त्याच्या पुढच्या वर्षीही नाही. घरी एकटीच असते, सणाचे सगळे दिवस मात्सा खाते, अंडी उकडते. सोलून खाते.